डीलरकडून जुनी गाडी घेताना आधी काय तपासायचं?

डीलरच्या आवारातली प्रत्येक गाडी धुऊनपुसून, पॉलिश मारून उभी असते. त्या चकाकीवरून काही ठरवू नका. आधी कागद, मग गाडी आणि पैशाचं बोलणं सगळ्यात शेवटी. विक्रेता बहुधा उलटीकडून सुरुवात करतो, 'महिन्याला हप्ता किती जमेल?' असं विचारून. त्याचं उत्तर इतक्यात देऊ नका.

१. नोंदणीच्या कागदावरचा चेसिस नंबर गाडीवरच्या नंबराशी अक्षर न् अक्षर जुळवा. आजकालच्या बहुतेक गाड्यांवर तो १७ अंक-अक्षरांचा असतो. त्यात आय, ओ आणि क्यू ही रोमन अक्षरं कधीच नसतात. दिसली तर तिथेच थांबा. जुन्या मालकाचं कर्ज फिटल्याचा लेखी पुरावा मागा.

२. मीटरवरच्या आकड्याची उलटतपासणी करा. सर्व्हिसच्या नोंदींत तारखेबरोबर किलोमीटर वाढत गेलेले दिसायला हवेत. मीटर मागे फिरवता येतो, पण पेडलचं झिजलेलं रबर आणि गुळगुळीत झालेलं स्टिअरिंग सहसा खरं बोलतात. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात: २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. गाडी फार कमी चाललेली सांगतात आणि टायर मात्र गाडीपेक्षा बरेच नवे? मग आधीचे टायर कशाने संपले, ते विचाराच.

३. गाडी उजेडात, कोरडी असताना बघा. ओल्या पत्र्यावर पोचे लपतात. दारांच्या फटी दोन्ही बाजूंना सारख्या हव्यात. बॉनेटच्या बिजागऱ्यांच्या बोल्टवरचा रंग उडालेला असेल तर बॉनेट कधीतरी उघडून काढलेलं आहे. पुरात बुडालेली गाडी ओळखायची तर सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा: आत गुंडाळलेल्या पट्ट्यावर चिखलाचे डाग राहतात. आत अत्तराचा वास फारच दरवळत असेल तर मॅटखाली हात घालून ओल बघा.

४. मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते इंजिन थंड असताना सुरू करून बघणं. 'मी येईपर्यंत गाडी चालू करू नका' असं फोनवर सांगा आणि पोहोचल्यावर बॉनेटवर हात ठेवून खात्री करा. गरम इंजिन बरेच दोष झाकतं. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय. थंडीत सुरुवातीला थोडी वाफ निघणं ठीक, पण गरम झाल्यावरही पांढरा धूर थांबत नसेल तर कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारा द्रव, इंजिनच्या आत गळत असण्याची शंका घ्या.

५. चालवताना रेडिओ बंद ठेवा. खडबडीत रस्ता, चढ आणि मोकळा रस्ता, तिन्हींवर न्या. नंतर स्वतःचा मेकॅनिक आणा. स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरला जोडायचं तपासणीचं यंत्र) लावल्यावर गाडी स्वतःच्या करते त्या बहुतेक चाचण्या 'अपूर्ण' दिसल्या तर बिघाडाचे कोड नुकतेच पुसलेले असू शकतात. बॅटरी काढल्यानेही तसं होतं, म्हणून थोडं चालवून पुन्हा तपासा. मेकॅनिकला हात लावू न देणाऱ्या डीलरशी पुढे बोलूच नका.

६. आता पैसे. हप्ता नव्हे, सगळे खर्च धरून एकूण किंमत ठरवा. मुदत लांबवली की कुठलाही हप्ता लहान दिसतो. 'ते आम्ही करून देऊ' हे वाक्य करारात लिहून घ्या, वॉरंटीत नेमकं काय येतं तेही. टोकन देण्याआधी ते परत कधी मिळेल याची अट पावतीवर हवी.

ताबा घेताना दुसरी किल्ली, जॅक आणि स्टेपनी मागा, आणि दाखवलेलेच टायर अजून गाडीला आहेत ना, हे बघा.