गॅस अलार्म पॅनेलवरचं शून्य कसं वाचायचं

मी इन्स्ट्रुमेंट विभागात आहे. शिफ्टवर नवा ऑपरेटर आला की त्याला गॅस डिटेक्शन पॅनेल समजावून सांगायचं काम बहुतेक वेळा माझ्याकडेच येतं. कोणतं बटण कशासाठी, हे अर्ध्या तासात कळतं. वेळ लागतो तो आकडा वाचायला शिकण्यात, आणि त्यातही शून्य वाचायला. मिथेनच्या चॅनेलवर शून्य दिसत असेल तर त्याचे निदान चार अर्थ निघतात. तिथे खरंच गॅस नाही. किंवा सेन्सर निकामी झालाय. किंवा कॅलिब्रेशनच्या, म्हणजे सेन्सरचा आकडा जुळवून घेण्याच्या वेळी हवेत थोडा गॅस असतानाच शून्य सेट केलं गेलंय. किंवा गॅस इतका जास्त आहे की सेन्सरला तो मोजताच येत नाही. पॅनेलसमोर बसणाऱ्याला यातला कोणता अर्थ खरा आहे हे माहीत असायला हवं. पुढचं सगळं त्यासाठीच आहे.

बोलायला सोपं जावं म्हणून आठ चॅनेलचं पॅनेल समोर आहे असं धरू. १ ते ४ बॉयलर रूममधले मिथेन डिटेक्टर, रेंज ० ते १०० टक्के एलईएल. ५ आणि ६ सांडपाण्याच्या टाकीजवळचे एचटूएसचे, म्हणजे हायड्रोजन सल्फाइड या विषारी वायूचे, रेंज ० ते ५० पीपीएम (दहा लाखांत किती भाग). ७ वर ऑक्सिजन. ८ रिकामा. बटणांची नावं कंपनीगणिक थोडी बदलतात, म्हणून पॅनेलबरोबर आलेलं मॅन्युअल एकदा तरी पूर्ण वाचा. क्रम मात्र सगळीकडे जवळपास हाच असतो.

आकडा येतो कुठून

एलईएल म्हणजे गॅस हवेत किमान किती असला की पेट घेऊ शकतो, ती हद्द. मिथेनची ही हद्द हवेच्या साधारण ५ टक्के. काही मानकांत ४.४ धरतात. ५ धरली, तर पॅनेलवरचे २० टक्के एलईएल म्हणजे खोलीतल्या हवेत १ टक्का मिथेन. १०० दिसलं तर खोली पेटायला एक ठिणगी पुरे.

डिटेक्टर पॅनेलला ४ ते २० मिलीअँपिअर करंट पाठवतो. ४ म्हणजे शून्य, २० म्हणजे पूर्ण रेंज. करंटमधून ४ वजा करा, १६ ने भागा, रेंजने गुणा. ७.२ मिलीअँपिअरला २० टक्के एलईएल, १२ ला ५०. शून्यासाठी ४ ठेवलेत ते मुद्दाम. वायर तुटली की करंट थेट ० होतो आणि पॅनेलला कळतं की ही गॅस नसल्याची खूण नाही, डिटेक्टर ते पॅनेल हे वायरचं लूपच गेलंय. साधारण ३.६ च्या खाली किंवा २१ च्या वर करंट गेला की पॅनेल फॉल्ट दाखवतं.

रिकाम्या चॅनेलवर मग कायम फॉल्टचा पिवळा दिवा राहतो. तो घालवायला टर्मिनलवर रेझिस्टर लावून ४ मिलीअँपिअर भासवायची युक्ती काही जण करतात. तुमच्या पॅनेलमध्ये असा रेझिस्टर सापडला तर लगेच कळवा. पॅनेलवर हिरवा दिवा आणि स्वच्छ शून्य, आणि वायरच्या टोकाला डिटेक्टरच नाही, यापेक्षा वाईट अवस्था नाही. चॅनेल वापरात नसेल तर तो सेटिंगमधून बंद करायचा आणि पॅनेलच्या दर्शनी पट्टीवर तसं लिहायचं.

हूटर वाजला की

रात्रीची वेळ. हूटर सुरू होतो, चॅनेल ३ चा लाल दिवा लुकलुकतोय, स्क्रीनवर २२. हात आपोआप हूटर बंद करायला जातो, कारण त्या आवाजात डोकं चालत नाही. तरी पहिले काही क्षण फक्त वाचा: चॅनेल कुठला, आकडा किती, वाढतोय की उतरतोय, आधी कुठला चॅनेल आला. बऱ्याच पॅनेलवर सगळ्यात आधी आलेल्या अलार्मचा दिवा वेगळ्या लयीत लुकलुकतो. तीन चॅनेल एकदम लाल झाले की गळती कुठून सुरू झाली हे त्या पहिल्या दिव्यावरूनच कळतं, आणि नीट न पाहता बटण दाबलं तर ती खूण जाऊ शकते.

मग अ‍ॅक्सेप्टचं बटण. हूटर थांबतो, दिवा लुकलुकायचा थांबून स्थिर लाल होतो. यानंतर दुसरा चॅनेल अलार्मला गेला तर हूटर पुन्हा वाजलाच पाहिजे. तुमच्या पॅनेलवर तो वाजतो का, हे टेस्टच्या दिवशी तपासून ठेवा. अ‍ॅक्सेप्टने फक्त आवाज बंद होतो. एक्झॉस्ट फॅन सुरू करणारा किंवा गॅसचा व्हॉल्व्ह बंद करणारा रिले तसाच राहतो, आणि तसाच राहायला हवा.

आता शेजारचे चॅनेल बघा. खरी गळती सहसा चढत जाते: चॅनेल ३ वर ८, १४, २२ आणि थोड्या वेळाने चॅनेल ४ वरही ५ किंवा ६. एकच चॅनेल ० वरून ६० वर उडून क्षणात ० वर आला आणि शेजारी काहीच हललं नाही, तर ढिलं टर्मिनल, जंक्शन बॉक्समध्ये शिरलेलं पाणी किंवा जवळच वापरलेला वॉकीटॉकी असण्याची शक्यता जास्त. पण हा अंदाज नंतरच्या दुरुस्तीसाठी. त्या क्षणी अलार्म खराच धरायचा, माणसं बाहेर काढायची आणि ज्यांना कळवायचं ठरलंय त्यांना कळवायचं. "जरा बघून येतो" म्हणत कोणी एकटं, खिशात पोर्टेबल मीटर नसताना त्या खोलीकडे जायचं नाही. खोलीतल्या दिव्याचं किंवा पंख्याचं बटण चालूही करायचं नाही आणि बंदही.

एचटूएसच्या बाबतीत हे मी जरा आवाज चढवूनच सांगतो. सडक्या अंड्यांचा वास अगदी कमी प्रमाणातही येतो, म्हणून माणसाला वाटतं की नाक सांगेलच. पण साधारण १०० पीपीएमच्या आसपास नाकाची वास घेण्याची ताकदच बधिर होते. वास थांबला म्हणजे गॅस गेला असं समजून माणूस पुढे जातो. चॅनेल ५ वर आकडा दिसत असेल तर नाकाचं मत विचारायचं नाही.

आकडा १०० पर्यंत गेला आणि मग आपोआप खाली यायला लागला, तर जास्त सावध व्हा. मिथेनसाठी वापरला जाणारा कॅटॅलिटिक सेन्सर गॅस प्रत्यक्ष जाळून मोजतो, आणि जाळायला त्याला ऑक्सिजन लागतो. गॅस प्रमाणाबाहेर वाढला की ऑक्सिजन अपुरा पडतो आणि आकडा उतरतो. खोली गॅसने भरलेली आणि स्क्रीनवर शून्याकडे जाणारा आकडा, असं होऊ शकतं. म्हणून चांगली पॅनेलं किंवा डिटेक्टर ओव्हररेंज, म्हणजे आकडा रेंजच्या वर गेल्याची खूण, धरून ठेवतात, हाताने रिसेट केल्याशिवाय सोडत नाहीत. अशा वेळी हवा स्वच्छ झाल्याचं पोर्टेबल मीटरने दाखवल्याशिवाय पॅनेलच्या आकड्यावर भरवसा नको. आणि त्या मीटरचाही मिथेनचा सेन्सर कॅटॅलिटिकच असेल, तर त्याच्या ऑक्सिजनच्या आकड्याकडे आधी बघायचं.

रिसेट सगळ्यात शेवटी. आकडा अलार्मच्या खाली आलाय, कारण सापडलंय, आत कोणी नाही, आणि रिसेट केल्यावर काय काय हलणार आहे हे ठाऊक आहे. रिसेटने रिले सुटतो. त्या रिलेवर व्हॉल्व्ह असेल तर तो आपोआप उघडणार की जागेवर जाऊन हाताने उघडावा लागणार, हे आधीच माहीत करून घ्या. हाताने उघडणारा असेल तर फार चांगलं.

ऑक्सिजनचा चॅनेल उलटा चालतो

चॅनेल ७ वर शून्य हवंच कशाला, तिथे २०.९ टक्के दिसायला हवं. अलार्म खाली उतरताना येतो, साधारण १९.५ ला. वरचा अलार्म २३.५ ला, कारण ऑक्सिजन जास्त झाला की साध्या कपड्यांनाही पटकन आग लागते. १९.५ आणि २०.९ मध्ये फरक काय, जेमतेम दीड टक्का, असं नव्या माणसाला वाटतं. हिशेब करून बघा. हवेत ऑक्सिजन पाचवा हिस्सा आहे. तो १.४ टक्क्यांनी कमी झाला, तर दुसऱ्या कुठल्यातरी वायूने सुमारे ७ टक्के हवा बाजूला सारलेली असू शकते. ७ टक्के म्हणजे ७०,००० पीपीएम. तो वायू नायट्रोजन असेल तर एक वेळ ठीक. एचटूएस असेल तर त्याच्या कितीतरी आधीच माणूस मेलेला असतो. म्हणून ऑक्सिजन नॉर्मल आहे या एका कारणावर टाकीत उतरायची परवानगी कोणी मागितली तर द्यायची नाही. विषारी आणि ज्वलनशील, दोन्ही वेगळे मोजायचे.

फॉल्ट

पिवळा दिवा म्हणजे तो भाग आत्ता आंधळा आहे. अलार्मइतकंच महत्त्व द्या. पोर्टेबल मीटर घेऊन तिथे कोणीतरी नजर ठेवेल अशी व्यवस्था करा किंवा तिथलं काम थांबवा, आणि मग आम्हाला बोलवा. फ्लेमप्रूफ (आतली ठिणगी बाहेर जाऊ न देणाऱ्या) डिटेक्टरचं झाकण वीज चालू असताना उघडायचं नाही, "फक्त वायर हलवून बघतो" म्हणूनसुद्धा नाही.

इनहिबिट आणि बंप टेस्ट

पॅनेलवरचं सगळ्यात धोक्याचं बटण इनहिबिट, काही ठिकाणी बायपास म्हणतात. चॅनेल मोजत राहतो, पण अलार्म आणि रिले पुढे जात नाहीत. टेस्ट करताना ते लागतं, नाहीतर प्रत्येक वेळी प्लांट ट्रिप होईल, म्हणजे आपोआप बंद पडेल. माझे नियम साधे आहेत आणि ते मी कोणासाठीही सैल करत नाही. एका वेळी एकच चॅनेल. लावणाऱ्याचं नाव आणि वेळ रजिस्टरमध्ये. ज्याने लावलं त्यानेच काढायचं, शिफ्ट संपायच्या आत. तेव्हा काढता येत नसेल तर पुढच्या शिफ्टच्या माणसाला पॅनेलसमोर उभं करून दाखवायचं आणि त्याची सही घ्यायची.

बंप टेस्ट, म्हणजे थोडा गॅस देऊन सेन्सर जिवंत आहे का ते बघणं, अशी. समजा चॅनेल २. टेस्ट गॅसचा सिलिंडर हवेत मिसळलेल्या मिथेनचा, ५० टक्के एलईएलचा, त्यावरची मुदत संपलेली नाही ना ते बघा. चॅनेल इनहिबिट करा. एक जण पॅनेलपाशी, एक डिटेक्टरपाशी. डिटेक्टरच्या तोंडावर कप बसवायचा आणि गॅस सोडायचा. प्रवाह उत्पादकाने दिला असेल तेवढाच, बहुतेकांना मिनिटाला अर्ध्या लिटरच्या आसपास लागतो. पॅनेलपाशी असलेला आकडे मोठ्याने सांगतो: शून्य, चार, सतरा, एकतीस, बेचाळीस, सत्तेचाळीस, एकोणपन्नास. असा झपाट्याने चढून सिलिंडरच्या आकड्याजवळ स्थिरावला तर सेन्सर जिवंत. रखडत चढला तर तोंडावरचा फिल्टर धुळीने, रंगाने किंवा पाण्याने बुजलाय. पन्नासच्या जागी पस्तीसवर अडकला तर कॅलिब्रेशन हवं. आणि अजिबात चढला नाही, तर समजा की इतके दिवस दिसणारं शून्य खोटं होतं.

हे शेवटचं मी प्रत्यक्ष पाहिलंय. एका बॉयलर रूममध्ये पाइपांच्या कामात सिलिकॉनचं सीलंट भरपूर वापरलं होतं. काम झालं, सगळं चकाचक, चॅनेलवर हालचाल नाही, फॉल्ट नाही. बंप टेस्टला कप लावला तर आकडा २ च्या पुढे जाईना. सिलिकॉनची वाफ कॅटॅलिटिक सेन्सरला विष आहे. सेन्सरमध्ये गॅस जिथे जळतो त्या मण्याची वायर शाबूत होती, म्हणून करंट बरोबर ४, म्हणून पॅनेलला काहीच कळलं नाही. तेव्हापासून डिटेक्टरजवळ रंगकाम, सीलंट किंवा स्प्रेचं काम निघालं की काम संपल्यावर लगेच बंप टेस्ट घ्यायची, ठरलेल्या तारखेची वाट बघायची नाही, असा आग्रह मी धरतो. तुम्हीही धरा.

टेस्ट झाल्यावर कप काढा आणि आकडा अलार्मच्या बराच खाली येईपर्यंत थांबा. घाईने इनहिबिट काढलं तर कपातला उरलेला गॅसच प्लांट ट्रिप करेल. शून्य नव्याने सेट करायचं असेल तर सिलिंडरमधली शुद्ध हवा द्या. खोलीच्या हवेत थोडा गॅस असताना शून्य सेट केलं तर तो गॅस कायमचा हिशेबातून वजा होतो आणि पुढचा प्रत्येक अलार्म उशिरा येतो.

इनहिबिट लावून केलेल्या टेस्टने सेन्सर तपासला जातो, पण पुढचा व्हॉल्व्ह नाही. म्हणून ठरवून, प्लांट थांबलेला असताना, इनहिबिट न लावता गॅस द्यायचा आणि हूटर, फॅन, व्हॉल्व्ह खरोखर चालतात का ते जागेवर उभं राहून बघायचं. त्याच दिवशी पॅनेलचा मेन सप्लाय बंद करून ते बॅटरीवर टिकतं का तेही पाहून घ्यायचं.

शिफ्ट देताना

पॅनेलसमोर दोघं उभे राहा. लॅम्प टेस्टचं बटण दाबा, सगळे दिवे आणि हूटर चालतात ना ते बघा. प्रत्येक चॅनेलचा आकडा लिहा. "सर्व नॉर्मल" असं लिहू नका. चॅनेल २ रोज ० असायचा आणि या आठवड्यात २, ३, ४ असा सरकतोय, हे आकडे लिहिले तरच पुढच्याला दिसतं. कुठला चॅनेल इनहिबिट आहे, कुठला फॉल्टमध्ये आहे, कोणाला कळवलंय, तेही लिहा. आणि पॅनेलचं घड्याळ कंट्रोल रूमच्या घड्याळाशी जुळवून घ्या. गळती झाल्यावर कुठला व्हॉल्व्ह आधी हलला हे शोधताना दोन्हीकडच्या नोंदी शेजारी ठेवाव्या लागतात, आणि घड्याळात चार मिनिटांचा फरक असेल तर त्या जुळत नाहीत.