सोळाव्या शतकातील छापील ग्रंथ कसा वाचावा

कोकणच्या दमट हवेत जुन्या कागदाला कसर लागल्याशिवाय राहत नाही. म्हणून रत्नागिरीत वा वेंगुर्ल्यात बसून प्रबोधनकाळातील युरोपीय ग्रंथ अभ्यासायचा असेल, तर पानांच्या छायाचित्रांपासूनच आरंभ करावा. पहिला ग्रंथ आपल्याच किनाऱ्यावरचा निवडावा, म्हणजे गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याचे औषधींवरील संवाद, जे १५६३ मध्ये गोव्यात छापले गेले.

प्रथम मुखपृष्ठावरील मुद्रक, गाव व वर्ष टिपावे. मग पानांच्या तळाशी असलेली अक्षरे व अंक पाहावेत. घडी घातलेले छापील ताव क्रमाने लावण्यासाठी बांधणाऱ्याला त्यांचा उपयोग होई. खरी अडचण अक्षरओळखीची आहे. शब्दाच्या आरंभी वा मध्ये येणारा लांब ‘एस’ हुबेहूब ‘एफ’सारखा दिसतो, मात्र ‘एफ’ची आडवी रेघ दांड्याच्या दोन्ही बाजूंना असते, तर लांब ‘एस’ला ती असलीच तर केवळ डावीकडे असते. ही खूण डोळ्यांत बसेपर्यंत एकच पान पुन्हा पुन्हा वाचावे, कंटाळा आला तरी.

ओर्तांच्या ग्रंथाला लांबलचक शुद्धिपत्र जोडलेले आहे. ते आधी वाचावे, कारण अनेकदा चूक वाचकाची नसून मुद्रकाची निघते.

शेवटी युरोपीय वनस्पतिशास्त्रज्ञ क्लूसियसने याच ग्रंथाचा केलेला लॅटिन संक्षेप घ्यावा. तो आजच्या बेल्जियममधील अँटवर्पला प्लांटँ या मुद्रकाच्या छापखान्यातून १५६७ मध्ये निघाला. नारळाचे प्रकरण दोन्हींत शेजारी ठेवून वाचल्यास, संवादातील गप्पा गाळून युरोपातील विद्वानांसाठी त्याचा सुटसुटीत संदर्भग्रंथ कसा घडवला गेला, हे ओळीओळीने दिसते.