शाळांच्या मेळाव्याला जाण्याआधी

सोलापूरहून ठाण्याला येऊन मला एकोणीस वर्षे झाली. नव्याने येणारे पालक घरभाड्यानंतर दुसरा प्रश्न शाळेचाच विचारतात. गावाकडे आपण जिथे शिकलो त्याच शाळेत मुलाचे नाव घालत होतो; येथे मात्र दिवाळीच्या आगेमागे एखाद्या हॉटेलच्या सभागृहात खासगी शाळांचा मेळावा भरतो आणि सीबीएसई, आयसीएसई, आयबी अशा वेगवेगळ्या शिक्षण मंडळांच्या पाट्यांखालून फिरताना माणूस गोंधळून जातो. अशा मेळाव्याला जरूर जावे, पण प्रवेश ठरवण्यासाठी नव्हे, तर प्रश्न विचारण्यासाठी.

पहिला प्रश्न मान्यतेचा असावा. ‘सीबीएसई पॅटर्न’ आणि सीबीएसईशी संलग्न, या दोन गोष्टी एक नव्हेत. नवी शाळा संलग्नता मिळण्याआधीच पहिले शब्द माहितीपत्रकावर मोठ्या अक्षरांत छापते. म्हणून मंडळाचा संलग्नता क्रमांक आणि यूडायस क्रमांक, म्हणजे शाळेचा अकरा अंकी सरकारी ओळख क्रमांक, मागून घ्यावा व घरी येऊन पहिला मंडळाच्या आणि दुसरा यूडायसच्या संकेतस्थळावर पडताळावा. ठाणे आणि नवी मुंबई महापालिकांचे शिक्षण विभाग अनधिकृत शाळांच्या याद्या जाहीर करतात, त्याही पाहाव्यात.

शुल्काच्या बाबतीत स्टॉलवर सांगितला जाणारा आकडा बहुधा अर्धवट असतो. सत्र शुल्क, उपक्रम, पुस्तके, गणवेश आणि बस धरून पहिल्या वर्षाचा एकूण खर्च कागदावर लिहून मागावा. समोरची व्यक्ती लिहून देण्याचे टाळू लागली, तर त्यातच उत्तर मिळते. राज्याच्या 2011 च्या शुल्क विनियमन कायद्यानुसार शुल्काचा प्रस्ताव पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीपुढे जातो, तेव्हा ही समिती कधी निवडली गेली हेही विचारावे. ‘आजच नोंदणी केल्यास सवलत’ हे ऐकून पैसे भरू नयेत. शिक्षणहक्क कायद्याने देणगी घेण्यास आणि प्रवेशासाठी मुलाची वा पालकांची चाळणी लावण्यास मनाई केली आहे. त्याच कायद्यातील, दुर्बल व वंचित घटकांसाठीच्या 25 टक्के राखीव जागांचे प्रवेश शासनाच्या ऑनलाइन अर्जातून व सोडतीतून होतात. स्टॉलवर कोणी त्यांची हमी देत असेल, तर तेथून निघावे.

मराठीची काळजी मात्र फार करू नका. 2020 च्या कायद्याने सर्व मंडळांच्या शाळांत पहिली ते दहावी हा विषय सक्तीचा आहे.

माझी स्वतःची चूक बसची होती. मेळाव्यात एका शाळेच्या बाईंनी नकाशावर बोट ठेवून ‘जेमतेम अर्धा तास’ असे सांगितले आणि मी तो शब्द खरा मानला. प्रत्यक्षात बस कासारवडवलीहून निघून घोडबंदर रस्त्यावरच्या प्रत्येक संकुलात वळत होती. माझा मुलगा सर्वांत आधी चढायचा आणि पाऊण तास खिडकीला डोके टेकून झोपायचा, तरी रस्त्याच्या टोकाचे माजिवडा यायचे नाव नाही. परतीच्या वाटेवर सर्वांत शेवटी उतरणाराही तोच. वर्ष कसेबसे काढले आणि शाळा बदलली.

म्हणून दोन-तीन शाळा निवडल्यावर कामाच्या एखाद्या दिवशी सुटी काढा आणि शाळा सुटण्याच्या वेळी फाटकापाशी उभे राहा. आपल्या भागाची बस कोणती ते शोधून तिच्यातल्या मावशींना शेवटचे मूल किती वाजता उतरते ते विचारा. त्या मिनिटासकट सांगतात.