खिशातले विनोद खिशातच राहू द्या

दर गणपतीत सोसायटीतला एखादा नवा मुलगा सूत्रसंचालनाला उभा राहणार असतो आणि आदल्या रात्री मला गाठतो. "काका, दोन-चार जोक्स द्या ना." मी देत नाही. पोरं मला खडूस म्हणतात, म्हणू देत.

पाठ केलेला विनोद घेऊन जाणं हीच सगळ्यात मोठी चूक. आमच्या ऑफिसात एकदा निरोप समारंभ होता. निवेदन करणाऱ्या पोरानं मोबाईलवर बावीस विनोद जमवून आणले होते. चौथ्या विनोदानंतर हॉलमध्ये फक्त पंख्याचा आवाज होता. तो मान खाली घालून पाचवा शोधत असतानाच निवृत्त होणारे गृहस्थ बोलायला उठले आणि माईक कर्कश किंचाळला. त्यांनी शांतपणे माईककडे पाहिलं. म्हणाले, "तीस वर्षं झाली, मी तोंड उघडलं की साहेब असेच ओरडतात." साहेबांसकट अख्खा हॉल हसला. पोराचे विनोद वाईट नव्हते हो, पण त्या हॉलमधले नव्हते.

रॉबर्ट प्रोव्हाइन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञानं माणसं एरवी गप्पांत हसतात त्याचे १२०० प्रसंग टिपून ठेवले होते. हशाच्या आधीची फार तर वीस टक्के वाक्यं विनोदासारखी निघाली. बाकीची आपली रोजचीच, 'चला, भेटू मग' छापाची. बोलणारा ऐकणाऱ्यांपेक्षा जास्त हसतो, हेही त्यांनाच आढळलं. तेव्हा स्वतःचं हसू हिशेबात धरू नका.

माझी सवय अशी, की कुठेही गेलो तरी पहिली दहा मिनिटं तोंड बंद. कोण उशिरा आलं, कुणी तिसऱ्यांदा चहा घेतला, अध्यक्ष घड्याळाकडे किती वेळा बघतात, हे बघत बसायचं. 'सात दिवसांत हजरजबाबी व्हा' असले व्हिडिओ बघणाऱ्यांना ही दहा मिनिटंही जड जातात.

दुसरी चूक खास मराठीतली, आणि ती ऐकली की माझं डोकंच फिरतं. धक्का देणारा शब्द शेवटी यायला हवा. आपल्याकडे मात्र त्याच्या मागे 'असं ते म्हणाले' येऊन बसतं. डॉक्टरांनी आमच्या काकांना विचारलं, "गोड बंद केलं का?" काका म्हणाले, "हो, घरी." इथे थांबायचं. हाच किस्सा माझा मेव्हणा सांगतो तो असा: "हो, घरी बंद केलं, असं काकांनी डॉक्टरांना सांगितलं, म्हणजे बाहेर चालूच आहे!" हसायला जागाच ठेवली नाही. ऐकणाऱ्याच्या मनात एक अपेक्षा तयार होते, ती मोडते, आणि का मोडली ते त्याचं त्यालाच उमगतं. गंमत त्या उमगण्यात असते, ते काम त्याच्याकडून काढून घेऊ नका. म्हणून 'तो म्हणाला' नेहमी आधी. मी किस्सा शेवटच्या शब्दापासून मागे रचत येतो. पद्धत विचित्र आहे, पण मला जमते.

विनोद समजावून सांगू नका. हशा आला म्हणून तोच पुन्हा सांगू नका.

वेळेचं भान मात्र अवघड. पीटर मॅकग्रॉ आणि केलेब वॉरन या संशोधकांनी २०१० मध्ये मांडलं, की काहीतरी नियमाबाहेरचं घडतंय आणि तरी त्यात धोका नाही, असं एकाच वेळी वाटलं की हसू येतं. अमेरिकेतल्या २०१२ च्या सँडी वादळावरचे विनोद मॅकग्रॉ आणि सहकाऱ्यांनी लोकांना वेगवेगळ्या दिवशी दाखवले. सर्वांत जास्त गंमत वाटली ती वादळानंतर साधारण पाच आठवड्यांनी, पुढे तीही ओसरली. ताज्या जखमेवरची कोटी बोचते आणि फार जुन्या जखमेवरची शिळी लागते. नापास झालेल्या भाच्यावर निकालाच्या संध्याकाळी कोटी करणाऱ्या मामांनी हे ध्यानात घ्यावं.

आणि आडनावावर कोटी सुचली तर गिळा. समोरच्यानं ती पहिलीपासून ऐकलेली असते.