पाळीपत्रक चित्रात: मराठी-कन्नड दोघांनाही कळेल असं टिपण

निपाणी-चिकोडीकडे नदीचं पाणी पाळीपाळीनं शेतांना देणाऱ्या पाणीपुरवठा संस्थेची बैठक मराठीत सुरू होते आणि वाद पेटला की कन्नडात शिरते. इतिवृत्त कोणत्याही भाषेत लिहा, निम्मे सभासद ते उघडत नाहीत. म्हणून पाळीपत्रक, म्हणजे कुणाला पाणी कधी आणि किती, हा मुद्दा चित्रानं सांगायचा, शब्दांनी फक्त नावं द्यायची.

कोरा ए-फोर कागद आडवा घ्या. रेघांची वही नको, तिच्या रेघा शिरोरेखेत मिसळतात. ०.७चं काळं जेल पेन आणि एकच फिकट रंग पुरे. पेन्सिल टाळा, खोडत बसलात की पुढचं बोलणं निसटतं.

चित्रकला यायला लागत नाही. टिंब, रेघ, चौकोन, त्रिकोण आणि गोल एवढ्यावर भागतं. नदी म्हणजे तीन नागमोडी रेघा, जॅकवेल (नदीकाठची, पाणी उपसायची विहीर) म्हणजे उभा चौकोन, मोटर म्हणजे चौकोनाला चिकटलेला गोल. अशी दहा-पंधरा चिन्हं घरीच बसवून ठेवा आणि दर बैठकीला तीच वापरा. जो तो मुद्दा टिपू नका. कोण, कधी, किती आणि शेवटी काय ठरलं, एवढंच घ्या.

घोटाळा हमखास बाणांत होतो. सगळे बाण सारखे काढले की वीजबिलाचे पैसेसुद्धा पाइपातून वाहायला लागतात! पाण्याला सलग बाण, पैशाला तुटक, विजेला वाकडातिकडा ठेवा आणि कोणता बाण कशाचा ती खूण कोपऱ्यात लिहा.

आता अक्षरं. चौकट आधी काढून आत लिहायला गेलं की ‘मोटर’ची मात्रा वरच्या रेघेला धडकते, ‘पुरवठा’चा उकार खालच्या रेघेला. आधी शब्द लिहा, मग सैल चौकट ओढा. कन्नड अक्षराला शिरोरेखा नसते, पण ओत्तक्षरं (जोडाक्षरात खाली लिहिलेली अक्षरं) खाली लोंबतात. त्यामुळे कन्नड ओळीखाली जास्त जागा सोडा. चित्राच्या वर मराठी नाव, खाली कन्नड, हा क्रम कागदभर मोडू नका. जाड मार्करनं बारीक लिहिलं तर ‘भ’, ‘ध’, ‘क्ष’च्या गाठी भरून काळे ठिपके होतात. टोक २ मिलिमीटरचं असेल तर अक्षर निदान २ सेंटिमीटर उंच हवं. भिंतीवरचा तक्ता तीन मीटरवरून वाचायचा असेल तर अडीच.

फोटो खिडकीजवळ, फ्लॅश बंद करून, मोबाइल कागदाला समांतर धरून काढा. व्हॉट्सॲपवर साधा फोटो दाबला जातो आणि बारीक अक्षरं फाटतात. डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

पण ग्रुपवर टाकण्याआधी बैठकीला नसलेल्या एखाद्या सभासदाला कागद दाखवा. शब्दांवर पट्टी ठेवा आणि ‘पाणी कुठून कुठं जातं, उद्या पाळी कुणाची?’ एवढंच विचारा. तो जिथं अडेल तिथं शब्द वाढवू नका, चित्र बदला. बहुतेकदा चेंबरमधून (जिथून पाणी वेगवेगळ्या पाइपांत सोडतात तिथून) एकाच वेळी दोन बाण निघालेले असतात आणि आधी कोण ते कळत नाही. बाणांवर १, २ घाला.