वाचन सुटलंय? मग आधी या चुका बघा

"पूर्वी खूप वाचायचे गं, आता होतच नाही." हे मी सोसायटीत, ऑफिसात, लग्नाकार्यात इतक्यांदा ऐकलंय की आता मी उलट विचारते, शेवटचं पुस्तक कुठलं होतं आणि कुठपर्यंत आलं होतं? गंमत म्हणजे बहुतेकांना ते आठवतं. अमुक कादंबरी, दीडशे पानं झाली होती, मग मुलाची दहावी आली आणि राहिलं. म्हणजे वाचन असं हवेत विरून जात नाही, ते एका ठराविक पुस्तकाच्या ठराविक पानावर अडतं आणि आपण तिथनं पुढे सरकतच नाही, मग चार महिने जातात, वर्ष जातं, आणि आपणच म्हणायला लागतो की मला आता वाचनाची सवय राहिली नाही. म्हणून कुठे अडलंय ते आधी शोधा. मी सेहेचाळीसची आहे, माझं स्वतःचं जवळजवळ दोन वर्षं पूर्ण बंद होतं, त्यामुळे हे सगळं अनुभवातनं लिहितेय.

अडलेलं पुस्तक उशाशी ठेवून देणं ही सगळ्यात मोठी चूक. ते पुस्तक रोज दिसतं, रोज थोडं अपराधी वाटतं, आणि ते संपवल्याशिवाय दुसरं कसं घ्यायचं म्हणून दुसरंही घेतलं जात नाही. अहो, ताटात वाढलेलं टाकू नये हे जेवणाला ठीक आहे, पुस्तकाला नाही. पन्नास पानं प्रामाणिकपणे वाचली आणि पुढे काय होतंय याची उत्सुकताच वाटली नाही तर सरळ कपाटात ठेवा. पाच वर्षांनी तेच पुस्तक आवडू शकतं, मला आवडलंय.

पण ठेवून द्यायच्या आधी एक बघा, पुस्तक कंटाळवाणं आहे की आपला फक्त गोंधळ झालाय? पेशवाईवरच्या कादंबऱ्यांचं घ्या. आपल्याकडे दर दुसऱ्या घरात एखादी असते आणि बरेच जण त्यात शंभराव्या पानाच्या आसपास अडकतात. कारण काय, तर बाजीराव दोन, माधवराव दोन, नानासाहेब म्हणजेच बाळाजी बाजीराव आणि त्यांचे आजोबा बाळाजी विश्वनाथ, शिवाय रघुनाथराव कधी राघोबा, कधी दादासाहेब, कधी राघोबादादा. ऑफिसातनं दमून आलेल्या माणसाने आठवड्यातनं दोनदा वाचायला घेतलं तर कोण कोणाचा कोण हे लक्षात राहणारच नाही, आणि मग दरवेळी दहा पानं मागे जावं लागतं. मी एका कोऱ्या चिठ्ठीवर वंशावळ काढते, बाळाजी विश्वनाथांखाली थोरले बाजीराव, त्यांच्याखाली नानासाहेब आणि रघुनाथराव, नानासाहेबांखाली माधवराव, नारायणराव, नारायणरावांखाली सवाई माधवराव, आणि रघुनाथरावांच्या खाली दुसरे बाजीराव. एवढी चिठ्ठी बुकमार्क म्हणून आत ठेवली की अर्धा त्रास संपतो. भाषांतरित रशियन कादंबऱ्यांनाही हेच करा, तिथे तर एकाच माणसाला तीन तीन नावांनी हाक मारतात.

आता डोळे. यावर मी जरा जास्त लिहिणार आहे कारण याचा विचारच कोणी करत नाही.

माझं वाचन बंद झालं तेव्हा मला वाटायचं की मोबाईलने माझी एकाग्रता गेली. दहा पानं झाली की कपाळ जड, तोच पॅरा पुन्हा पुन्हा वाचायचा, रात्री तर नकोच वाटायचं. मग एक दिवस ऑफिसात गोळ्यांच्या स्ट्रिपवरची एक्सपायरी वाचायला मी हात पार लांब केला, ते बघून शेजारच्या सहकाऱ्यांनी काही न बोलता स्वतःचा चष्मा पुढे केला. तो लावला आणि ती बारीक अक्षरं एकदम काळी, कडक, उठून दिसली. मला खरंच भरून आलं, कारण दोन वर्षं मी स्वतःला आळशी समजत होते.

आपल्या भाषेत या चष्म्याचं नावच चाळिशी आहे. चाळिशीच्या आसपास डोळ्यातलं भिंग हळूहळू ताठर होत जातं आणि जवळचं फोकस करायला कष्ट पडतात, हे सगळ्यांनाच होतं, ज्यांना आधी नंबर नव्हता त्यांनाही. कमी उजेडात आणि दिवसभर स्क्रीनसमोर बसल्यावर ते जास्त जाणवतं. आणि यात फसगत अशी होते की मोबाईलवरची अक्षरं आपण मोठी करू शकतो, पुस्तकातली नाही, त्यामुळे मोबाईल सहज वाचता येतो, पुस्तक हातात घेतलं की थकवा येतो, आणि आपण निष्कर्ष काढतो की आता पुस्तकात मन लागत नाही. चाळिशीच्या पुढे असाल तर आधी डोळे तपासून घ्या, नुसता दुकानातला रेडीमेड चष्मा उचलू नका, दोन्ही डोळ्यांचा नंबर वेगळा असू शकतो आणि तपासणीत डोळ्याचं प्रेशरही बघून होतं. आणि ट्यूबलाइट डोक्यामागे असेल तर पानावर आपलीच सावली पडते, बाजूला एक टेबललॅम्प घ्या.

रात्री झोपताना वाचायचं ठरवणं ही अजून एक चूक, निदान सवय परत लावताना तरी. साडेअकराला ओटा आवरून, उद्याचा डबा ठरवून आडवं झाल्यावर दोन पानांत डोळे मिटणारच, यात तुमचा दोष काही नाही. दिवसातली अशी वेळ शोधा जेव्हा तुम्ही जागे आहात आणि कोणी तुमच्याकडे काही मागत नाहीये. माझ्यासाठी ती पुण्याची मेट्रो निघाली. वनाजला बसते, कल्याणीनगरला उतरते, बदलायला लागत नाही, अर्ध्या तासाहून जास्त वेळ मिळतो. नळ स्टॉपपर्यंत बसायला जागा असते, डेक्कनला गर्दी चढते, सिव्हिल कोर्टला सगळी उलथापालथ होते तेवढं एक पान जातं, पुढे परत शांत. दुचाकीवाल्यांना हे जमणार नाही हे मला कळतं. त्यांनी कानाने वाचावं, स्टोरीटेलसारख्या ॲपवर मराठी पुस्तकं भरपूर आहेत, पण गाडी चालवताना नको, भाजी निवडताना, कपड्यांच्या घड्या घालताना.

वर्षाला बावन्न पुस्तकं वगैरे टार्गेट घेऊ नका. त्याने काय होतं की माणूस पातळ पुस्तकं शोधायला लागतो आणि फेब्रुवारीत मागे पडला की सोडूनच देतो. मोजायचंच असेल तर पानं मोजा. रोज दहा पानं म्हणजे वर्षाला ३६५० पानं, दोनशे पानी पुस्तकं धरली तर अठरा होतात.

मराठी वाचायचा वेग गेलाय म्हणून लाज वाटणारेही खूप आहेत, विशेषतः इंग्लिश मीडियमवाले आणि आयटीवाले. दिवसभर सगळं इंग्रजीत असतं, मग जोडाक्षरांवर डोळा अडखळतो. पहिली पंधरा-वीस पानं मोठ्याने वाचा, लय परत येते. आणि सुरुवात कादंबरीने न करता दिवाळी अंकाने करा. १९०९ ला 'मनोरंजन' मासिकाने ही प्रथा सुरू केली, तेव्हापासून आपल्याकडे कथा, लेख, कविता एकाच जाड अंकात मिळतात, आणि एका बैठकीत एक कथा पूर्ण होते, काहीतरी संपवल्याचं समाधान फार दिवसांनी मिळतं. फक्त सहा अंक एकदम विकत घेऊ नका, लायब्ररीची दिवाळी अंक योजना असते ती घ्या.

तसंही विकत घेण्याबद्दल मला सांगायचंच आहे. पुस्तकांच्या दुकानांच्या अप्पा बळवंत चौकात गेलं की हात भरूनच येतो, डिसेंबरात फर्ग्युसन कॉलेजच्या मैदानावर पुस्तक महोत्सव असतो तिथेही तेच, आणि घेतल्याच्या आनंदात वाचल्यासारखंच वाटतं. घरी गठ्ठा वाढतो आणि कुठलं उचलू हेच कळत नाही. पुस्तकं घ्यावीतच, प्रकाशक जगले पाहिजेत, पण सवय मोडलेली असताना लायब्ररी जास्त उपयोगी पडते कारण तिथे परत करायची तारीख असते. पुणे नगर वाचन मंदिर १८४८ पासून आहे, नारायण पेठेतलं पुणे मराठी ग्रंथालय १९११ पासून, आणि तुमच्या भागातही एखादी छोटी लायब्ररी असेलच, आधी चौकशी करा. तिथल्या काउंटरवरच्या माणसांशी बोला. मी आमच्या इथल्या मावशींना सांगितलं की दोन वर्षं काही वाचलं नाहीये, काहीतरी हलकं द्या. त्यांनी कपाटाकडे न बघता विचारलं, आधी काय आवडायचं? मी म्हटलं, प्रवासवर्णनं. एक दीडशे पानी पुस्तक त्यांनी काढून दिलं आणि कार्डावर तारीख टाकताना म्हणाल्या, "शनिवारी आणून द्या, त्याच लेखिकेचं दुसरं बाजूला काढून ठेवते."

शुक्रवारी संध्याकाळी परतीच्या मेट्रोत माझी शेवटची अकरा पानं राहिली होती. वनाजला उतरले आणि प्लॅटफॉर्मवरच्या बाकावर बसून संपवली.