ऑफ-रोडसाठी टॅब घेताय? आधी जीपीएस तपासा

घाटात रेंज गेली की बऱ्याच टॅबवर नकाशातला, आपण कुठे आहोत ते दाखवणारा निळा ठिपका जागचा हलत नाही, कारण आत जीपीएस चिपच नसते. आयपॅडमध्ये सेल्युलर (मोबाइल नेट चालणारं) मॉडेलच घ्या. नुसत्या वाय-फायवाल्यात जीपीएस नाही. सेल्युलरला सिम घातलंच पाहिजे असंही नाही. अँड्रॉइडमध्ये मॉडेलगणिक फरक असतो, तेव्हा पैसे देण्याआधी बघा:

१. ऑर्गॅनिक मॅप्ससारख्या ॲपमध्ये तुमच्या भागाचा नकाशा उतरवून घ्या.
२. एअरप्लेन मोड लावा, वाय-फाय बंद, लोकेशन चालू.
३. उघड्यावर चालत राहा. ठिपका सोबत सरकला पाहिजे. नेट नसताना पहिल्यांदा काही मिनिटं लागतात, घाई करू नका.

डॅशबोर्डवर थेट उन्हात टॅब लावू नका. आयपॅडला ३५ अंशांपर्यंतचंच तापमान मानवतं, तापला की तो बंद पडतो.